कूस ओळखणारी चादर

पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडताना डॉक्टर औषधांच्या चिठ्ठीबरोबर एक सूचना हमखास देतात: दर दोन तासांनी कूस बदला. ऐकायला सोपी वाटणारी ही सूचना दिवसातून बारा वेळा पाळायची असते आणि त्यातल्या चार-पाच खेपा ऐन रात्री येतात. भिवंडीसारख्या शहरात यंत्रमागावरची पाळी बारा तासांची. घरातला धडधाकट माणूस रातपाळीला गेला की ही जबाबदारी एकट्या बाईवर येऊन पडते आणि तीही दिवसभर राबलेली असते. बाराच्या गजराला ती उठते, दोनच्याही उठते, चारला मात्र तिला जाग येत नाही. सकाळी अंग पुसताना रुग्णाच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसतो. बोटाने दाबून सोडला तरी तो पांढरा पडत नाही. शय्याव्रणाची, म्हणजे ज्याला सगळे बेडसोअर म्हणतात त्याची, ही पहिली पायरी.

या बाईच्या मदतीला येऊ शकेल असे एक तंत्र गेल्या काही दशकांत प्रयोगशाळांतून आकाराला आले आहे. गादीवर दाब मोजणारी चादर अंथरायची आणि तिच्यावर उमटणाऱ्या वजनावरून माणूस उताणा आहे, पालथा आहे की कुशीवर, आणि तसाच किती वेळ आहे, हे ओळखायचे. हे तंत्र चालते कसे, अडखळते कुठे आणि भिवंडीतल्या खोलीत त्याचा उपयोग व्हायचा तर काय करावे लागेल, हे समजून घेण्याजोगे आहे.

दाब आणि वेळ

निरोगी माणसाला शय्याव्रण होत नाही, कारण तो झोपेतही एका जागी पडून राहत नाही. अंग अवघडले की मेंदूला खबर जाते आणि पुरती जाग न येताही माणूस कूस पालटतो. डेन्मार्कमधल्या 664 प्रौढांच्या अंगावर हालचाल टिपणारे छोटे सेन्सर लावून केलेला एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. अंथरुणातला सुमारे 54 टक्के वेळ कुशीवर, 37 टक्के उताणे आणि 7 टक्के पालथे असा जातो, असे त्यात दिसले. स्थिती तासाला सरासरी 1.6 वेळा बदलली. म्हणजे सात तासांच्या झोपेत अकरा वेळा. पक्षाघातात, मज्जारज्जूच्या इजेत किंवा गुंगीत ही खबर एक तर मेंदूपर्यंत पोचत नाही, किंवा पोचली तरी अंग हलत नाही. मग तेच काम दुसऱ्याच्या हातांनी करावे लागते.

त्वचेखालच्या केशवाहिन्यांमध्ये रक्ताचा दाब फार थोडा असतो. युजीन लँडिस या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1930 मध्ये नखालगतच्या केशवाहिनीत सूक्ष्म काचनळी घालून तो मोजला, तेव्हा रक्त आत येणाऱ्या टोकाशी तो सरासरी 32 मिलिमीटर पारा इतका भरला. आता साधा हिशेब करू. माणसाचे वजन 60 किलो आहे आणि मऊ गादीवर त्याचे अंग 0.3 चौरस मीटर जागेवर टेकले आहे असे धरले, तर सरासरी दाब सुमारे 15 मिलिमीटर पारा येतो. तोच माणूस चटईवर झोपला आणि अंग फक्त 0.1 चौरस मीटर जागेवर टेकले, तर दाब 44 होतो. ही झाली सरासरी. माकडहाड, खुबा, टाच, घोटा, डोक्याची मागची बाजू अशा जागी हाड त्वचेच्या अगदी जवळ असते, आणि तिथे दाब सरासरीच्या कितीतरी पट चढतो. केशवाहिन्या दबतात, पेशींना प्राणवायू मिळत नाही आणि त्वचा वरून धड दिसत असतानाच आतला स्नायू मरू लागतो.

तरीही 32 हा आकडा म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे. मायकेल कोसियाक यांनी 1959 मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिले की, दाबाइतकाच वेळही महत्त्वाचा. मोठा दाब थोड्या वेळात इजा करतो आणि थोडा दाब बराच वेळ राहिला तर तोही इजा करतो. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही. कोणत्या जागेवर तो किती वेळ राहिला याची नोंद हवी, आणि त्यासाठी आधी माणूस कोणत्या कुशीवर आहे हे कळायला हवे.

दोन तासांची शिस्त रूढ होण्यात इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयाचा मोठा वाटा आहे. तिथे 1944 मध्ये लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांचा विभाग सुरू केला. तोवर असे जखमी सैनिक शय्याव्रणाने आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. गुटमन यांनी रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलायला लावली, आणि रुग्ण जगू लागले. त्याच रुग्णालयाच्या आवारात 1948 मध्ये सुरू झालेल्या खेळांतून पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे जवान मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात जखमी झाले होते. त्यांनी 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. वेळेवर कूस बदलण्याच्या कामावर माणसाचे सगळे पुढचे आयुष्य उभे असते, हे गुटमन यांच्या विभागाने जगाला पटवून दिले.

पलंगाला काय काय कळते

माणूस झोपेत कसा पडतो याची शास्त्रीय नोंद जुनी आहे. अमेरिकेत जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1930 च्या सुमारास झोपलेल्या माणसांची छायाचित्रे घेऊन त्यांच्या स्थिती नोंदवल्या. छायाचित्राची अडचण उघड आहे: अंगावर पांघरूण असते, खोलीत अंधार असतो आणि झोपेत आपल्यावर कॅमेरा रोखलेला कुणालाच नको असतो. एका खोलीत सगळे कुटुंब झोपत असेल तर कॅमेऱ्याचा विचारही करायला नको.

दुसरी वाट म्हणजे पलंगालाच विचारणे. फिनलंडमध्ये योर्मा अलिहांका यांनी 1980 च्या आसपास अशी गादी बनवली, जी झोपलेल्याच्या अंगाला एकही तार न जोडता त्याची हालचाल, श्वास आणि हृदयाचे ठोके टिपत असे. आपल्याकडे बेंगळुरूच्या डोझी या कंपनीची पट्टी गादीखाली ठेवतात. मुदित दंडवते आणि गौरव पारचानी यांनी 2015 मध्ये ही कंपनी सुरू केली. हृदयाने रक्त ढकलले की सगळ्या अंगाला अगदी बारीक हिसका बसतो. तो टिपून ही पट्टी नाडीचा आणि श्वासाचा वेग सांगते, आणि देशातल्या अनेक रुग्णालयांत ती वापरात आहे. तिचा मुख्य भर कंपनांवर आहे. अंगाखाली कुठे किती भार पडला आहे याचे चित्र हवे असेल, तर गादीच्या वर, अंगाला लागून, पुष्कळ ठिकाणी एकाच वेळी दाब मोजावा लागतो.

उभे धागे, आडवे धागे

इथे भिवंडीकराला सगळे ओळखीचे वाटेल. पद्मानगर किंवा शांतीनगरच्या गल्ल्यांतून चालताना दोन्ही बाजूंच्या गाळ्यांतून मागांची खटखट ऐकू येते. आत बीमवरून सुटलेले ताण्याचे शेकडो धागे माणसाच्या कमरेच्या उंचीवर ताणलेले असतात. धोटा या टोकाकडून त्या टोकाला जातो आणि बाण्याचा आडवा धागा टाकून येतो. ताणा आणि बाणा जिथे एकमेकांना छेदतात तिथे एक बिंदू तयार होतो, आणि अशा लाखो बिंदूंचे कापड बनते.

दाब मोजणारी चादर याच तत्त्वावर चालते. तिच्यात तीन थर असतात. वरच्या थरात वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या एका दिशेने जातात, खालच्या थरात दुसऱ्या दिशेने. दोहोंच्या मध्ये असा एक पदर असतो, ज्याचा विद्युतरोध दाब पडला की कमी होतो. त्यासाठी कार्बनचे कण मिसळलेले प्लॅस्टिक किंवा वाहक लेप दिलेले कापड वापरतात. उभी पट्टी आणि आडवी पट्टी जिथे छेदतात, ती जागा म्हणजे एक सेन्सर. सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद पलंगावर 32 उभ्या आणि 64 आडव्या पट्ट्या बसवल्या तर 2,048 सेन्सर तयार होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 3 सेंटीमीटर लांबी-रुंदीची जागा येते. तारा लागतात फक्त 96. प्रत्येक सेन्सरला स्वतंत्र तार द्यायची झाली असती तर पलंगाखाली तारांचे जाळे झाले असते. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये जी कापडी चादर मांडली, तिच्यात 64 आणि 128 पट्ट्या होत्या, म्हणजे 8,192 बिंदू.

मोजणी होते ती पट्टीपट्टीने. यंत्र एका आडव्या पट्टीला वीज देते आणि सगळ्या उभ्या पट्ट्यांतून किती वीज बाहेर आली ते वाचते, मग पुढच्या पट्टीकडे वळते. सगळी चादर अशी सेकंदाला एकदा वाचून झाली तरी झोपेसाठी पुरते.

यात एक खोच आहे. वीज नेहमी सरळ वाटेने जात नाही. एका चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर दाब असेल, तर वीज त्या तिघांतून वळसा घालून चौथ्या कोपऱ्याच्या पट्टीपर्यंत पोचते आणि तिथे कुणी नसतानाही दाब असल्याचा भास होतो. कोपर, खुबा आणि गुडघा यांच्यामुळे असा एखादा खोटा ठसा रिकाम्या जागी उमटू शकतो. उपाय असा की, एक पट्टी वाचत असताना बाकीच्या सगळ्या पट्ट्या शून्य विद्युतदाबावर बांधून ठेवायच्या, म्हणजे विजेला वळशाची वाट राहत नाही. दुसरी अडचण पदराची. एकसारखे वजन ठेवले तरी त्याचे वाचन काही मिनिटे सरकत राहते, आणि वजन काढले की पदर लगेच मूळ जागी येत नाही. तिसरी अडचण घामाची. ओल्या कापडातून वीज जास्त वाहते, त्यामुळे उकाड्याच्या रात्रीचे वाचन आणि थंडीतले वाचन सारखे येत नाही. जुलैत भिवंडीत भिंतींनाही ओल येते, तिथे हा मुद्दा गौण नाही.

नकाशा वाचताना

चादरीने वाचलेले आकडे रंगांत मांडले की अंगाचा नकाशा दिसू लागतो. उताण्या माणसाचा नकाशा असा असतो: वर डोक्याचा एक गोल ठिपका, त्याखाली खांद्यांच्या फऱ्यांचे दोन डाग, कमरेपाशी थोडी रिकामी जागा, मग ढुंगणाचा सगळ्यात मोठा आणि गडद डाग, पोटऱ्यांचे फिके पट्टे आणि शेवटी टाचांचे दोन बारीक पण तीव्र ठिपके. कुशीवर झालेल्याचा नकाशा एकदम अरुंद होतो. खांदा आणि खुबा हे दोन डाग ठळक होतात आणि खाली गुडघ्याचा व घोट्याचा ठसा उमटतो. पालथ्या माणसाचे छाती, पोट आणि मांड्या रुंद टेकतात, गुडघे दिसतात आणि टाचांच्या जागी पायांची बोटे येतात.

डावी कूस आणि उजवी कूस यांत फरक कसा करायचा? खांदा आणि खुबा दोन्हीकडे सारखेच दिसतात. खूण मिळते गुडघ्यांवरून. कुशीवर झोपलेला माणूस बहुधा पाय दुमडतो आणि ज्या कुशीवर असतो त्याच बाजूला गुडघे पुढे येतात. माणसाने पाय सरळ ठेवले तर ही खूण पुसट होते. डोके पायथ्याकडे करून झोपला तर डाव्याचे उजवे होते, म्हणून यंत्राला आधी डोके कुठे आहे हे ओळखावे लागते. उताणा आणि पालथा यांचीही गल्लत होते, कारण दोन्हींत अंग रुंद टेकते आणि फरक मुख्यतः टोकांना, डोक्याशी आणि पावलांशी असतो. पलंग लहान पडून पावले चादरीबाहेर गेली, तर तीच खूण हरवते.

आजारी माणसाच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत असते. कूस बदलताना रुग्णाला पुरता कुशीवर करायचा नसतो, नाहीतर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून अंग सुमारे 30 अंशांनी कलते ठेवायचे आणि पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी सोडायच्या, ही चांगली पद्धत. चादरीला हे कलते अंग जवळजवळ उताणेच दिसते, शिवाय उशीचा ठसा अंगाच्या ठशात मिसळतो. नुसत्या चार स्थिती शिकलेले यंत्र इथे चुकते आणि नेमकी हीच स्थिती रुग्णालयात सगळ्यात जास्त लागते.

नव्याण्णव टक्क्यांचा अर्थ

हे सारे नियम आता हाताने लिहीत नाहीत. हजारो नकाशे आणि प्रत्येकाखाली खरी स्थिती असे यंत्राला दाखवतात, आणि ते स्वतः खुणा शोधते. अशा शिकवणीसाठी काही नकाशासंग्रह सर्वांना खुले आहेत. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2017 मध्ये खुल्या केलेल्या एका संग्रहात पहिल्या प्रयोगातले 13 जण 2,048 सेन्सरांच्या चादरीवर 17 स्थितींत झोपले, आणि चादर सेकंदाला एक नकाशा घेत होती. नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संग्रहात शंभराहून थोडी जास्त माणसे आहेत. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी 2020 मध्ये वेगळा मार्ग धरला. त्यांनी संगणकातच कृत्रिम शरीरे कृत्रिम गादीवर टाकून दोन लाखांहून जास्त नकाशे तयार केले आणि त्यांवर शिकलेले यंत्र खऱ्या माणसांवर तपासले.

अशा कामांचे निकाल वाचताना 95 किंवा 99 टक्के अचूकता असे आकडे समोर येतात. ते वाचायची एक रीत आहे. एक माणूस दोन मिनिटे एकाच स्थितीत पडला की सेकंदाला एक या हिशेबाने 120 नकाशे मिळतात, आणि ते सगळे जवळजवळ एकच असतात. त्यांतले काही शिकवणीला आणि काही परीक्षेला ठेवले, तर यंत्राने ती उत्तरे आधीच पाहिलेली असतात. खरी परीक्षा म्हणजे एका माणसाचे सगळे नकाशे बाजूला ठेवायचे, बाकीच्यांवर शिकवायचे आणि मग या अनोळखी माणसावर तपासायचे. असे केले की अचूकता खाली येते, आणि रुग्णाच्या दृष्टीने अर्थ असतो तो याच आकड्याला. कोणत्याही विक्रेत्याने नव्याण्णव टक्के म्हटले, तर पहिला प्रश्न हा विचारावा: परीक्षेतला माणूस शिकवणीत होता का? आणि दुसरा: तो आजारी, कृश, म्हातारा होता, की विद्यापीठातला तरुण स्वयंसेवक?

कूस कुणाकुणाला महत्त्वाची

शय्याव्रणाखेरीज इतर ठिकाणीही कूस महत्त्वाची ठरते. झोपेत श्वास अडण्याच्या विकारात अनेकांना उताणे असताना जास्त त्रास होतो, कारण जीभ आणि घशाचा मऊ भाग मागे पडून वाट अडते. रोझालिंड कार्टराइट यांनी 1984 मध्ये हे आकड्यांनिशी मांडले. हा विकार फक्त पाश्चात्त्यांचा असतो, हा समज मुंबईतच खोटा ठरला. डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 35 ते 65 वयाच्या मुंबईकर पुरुषांपैकी 19.5 टक्के लोकांच्या झोपेतल्या श्वासात बिघाड आढळला, आणि दिवसा झोप येण्यासह पुरता विकार 7.5 टक्क्यांत. अशा माणसाचा श्वास उताणे असताना अडतो की कुठल्याही कुशीवर, हे कळले तर उपाय बदलतो.

गरोदरपणात 28 आठवड्यांनंतर उताणे झोपल्यास पोटातल्या बाळाला धोका वाढतो, असे अनेक देशांतल्या नोंदी एकत्र करून 2019 मध्ये दिसले, म्हणून कुशीवर झोपायचा सल्ला देतात. डावी की उजवी हा आग्रह नाही. तान्ह्या बाळाला मात्र उलट, पाठीवरच झोपवायचे. जेवल्यावर डाव्या कुशीवर पडण्याच्या आपल्या रीतीलाही आधार मिळाला आहे: डाव्या कुशीवर असताना अन्ननलिकेत वर आलेले आम्ल लवकर खाली उतरते.

भिवंडीचे अंथरूण

चादरीचे हे प्रयोग मुख्यतः झाले ते गादीच्या पलंगावर, एका वेळी एकच माणूस असताना. भिवंडीतल्या कामगारवस्तीत चित्र वेगळे असते. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले कामगार एका खोलीत दाटीने राहतात. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच जागेवर रातपाळीचा येऊन आडवा होतो. अंथरूण म्हणजे चटई, सतरंजी, फार तर कापसाची गादी, जिचा कापूस मध्ये दबून घट्ट झालेला असतो. गावठाणातल्या घरात नवारीची खाट असेल, तर ती मध्ये झोळीसारखी खाली जाते.

यातला प्रत्येक प्रकार नकाशा बदलतो. चटईवर ठसे थोडे पण तीव्र पडतात, त्यामुळे स्थिती ओळखणे उलट सोपे जाईल, पण दाब धोक्याचा असतो. खाटेत अंग दोन्ही बाजूंनी कवटाळले जाते, आणि कुशीवरच्या माणसाचाही ठसा रुंद होतो. दबलेल्या कापसाच्या गाठी रिकाम्या जागीही भार दाखवतात. गोधडीच्या चार घड्या वर असल्या की टाचेचा ठिपका पुसट होतो. एका जागेवर दोन माणसे पाळीने झोपत असतील, तर त्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्या लागतील. इथल्या अंथरुणावर, इथल्या अंगकाठीच्या माणसांचे नकाशे गोळा केल्याशिवाय परदेशात शिकलेले यंत्र इथे आणून लावणे योग्य नाही.

दोन तासांचा नियमही अंथरुणावर अवलंबून असतो. अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहांत 942 जणांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दाट फोमच्या गादीवर दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदलणाऱ्यांत व्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. पण तो निकाल चांगल्या गादीवरचा होता. चटईवरच्या किंवा गाठाळ गादीवरच्या रुग्णाला चार तास तसेच ठेवायला त्याचा आधार घेता येणार नाही. चादरीचा खरा उपयोग इथे आहे: या माणसाच्या या जागेवर, या अंथरुणावर, भार किती वेळ आहे ते ती सांगते.

सेन्सर हाताला जोर देतो

सेन्सर कूस बदलत नाही, बदलतात माणसे. तरीही आठवण करून देण्याचा उपयोग होतो याचा पुरावा आहे. कॅलिफोर्नियातल्या अतिदक्षता विभागांत 1,312 रुग्णांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांच्या छातीला चिकटवलेला छोटा सेन्सर स्थिती ओळखत होता. अर्ध्या रुग्णांची माहिती परिचारिकांना पडद्यावर दिसत होती, उरलेल्यांची झाकलेली होती. माहिती दिसत असलेल्या गटात 5 जणांना व्रण झाले, झाकलेल्या गटात 15 जणांना. परिचारिका त्याच, रुग्णालय तेच. फरक इतकाच की कुणाची वेळ भरली हे समोर दिसत होते.

आपल्या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात एका सिस्टरकडे कितीतरी रुग्ण असतात आणि मदतीला एखादी मावशी. कूस बदलायचे कामही एकट्याने करायचे नसते. आडवी चादर रुग्णाच्या खांद्यापासून मांडीपर्यंत घालायची, दोघांनी दोन्ही बाजूंनी तिची टोके गुंडाळून धरायची आणि अंग उचलून सरकवायचे. ओढले तर त्वचा घासते आणि तिथेच फाटते. इतके मनुष्यबळ प्रत्येक खाटेपाशी दर दोन तासांनी उभे राहत नाही. अशा वेळी कुणाला आत्ताच वळवायचे आणि कोण स्वतःच वळला आहे, हे कळले तर तेच हात योग्य खाटेपाशी पोचतील. स्वतः हालणाऱ्या रुग्णाची झोप विनाकारण मोडायचीही गरज उरणार नाही.

प्रत्येक घरासाठी दोन हजार बिंदूंची चादर लागेल असेही नाही. पलंगाच्या चार पायांखाली वजन मोजणारे चार सेन्सर ठेवले, तर भार एकीकडून दुसरीकडे सरकल्याचे कळते. माणूस नेमका कसा पडला आहे हे तेवढ्याने खात्रीने सांगता येत नाही, पण दोन तासांत तो हललाच नाही हे सांगता येते, आणि गजर वाजवायला तेवढे पुरते. छातीला लावायचा छोटा सेन्सर स्थिती नेमकी सांगतो, फक्त तो चिकटवावा आणि सांभाळावा लागतो. चादरीची जागा या दोहोंमध्ये आहे: अंगाला काहीही न लावता भाराची जागाही दाखवणारी.

मागावर विणता येईल का

भिवंडीच्या मागांवर मुख्यतः ग्रे, म्हणजे कोरे, कापड निघते, मीटरवर भाव मिळतो आणि धंद्यात मंदी आली की माग भंगारात जातात. केंद्र सरकारने 2020 मध्ये 1,480 कोटी रुपयांचे राष्ट्रीय तांत्रिक वस्त्रोद्योग अभियान मंजूर केले, ते अशा विशेष कामाच्या कापडांसाठीच. चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन किंवा पोलादाचे बारीक तंतू मिसळलेले सूत ताण्यात ठरावीक अंतराने घालून, मधल्या जागेत साधे सूत ठेवून, वाहक पट्ट्यांचे कापड विणता येते. अडचणी विणकराला लगेच कळतील: वाहक धागा तुटला तर गाठ मारून भागत नाही, तिथे वीज अडते. शेजारच्या पट्टीला एक तंतू चिकटला तर दोन पट्ट्या एक होतात. धुलाईत मुलामा उतरतो, आणि रुग्णाची चादर तर रोज धुवावी लागते. म्हणून सेन्सरचा थर खाली ठेवून त्यावर जलरोधक पातळ आच्छादन घालावे लागेल. मुंबईतली बीटीआरए, इचलकरंजीची डीकेटीई अशा संस्थांकडे कापडाच्या चाचणीचे ज्ञान आहे, आणि भिवंडीत बारकाईने माग लावणारे जॉबर आहेत. या दोन्हीकडची माणसे एकत्र बसली तर स्वस्त चादरीचा प्रश्न सुटण्यासारखा आहे.

चादर विणली गेली तरी एक प्रश्न उरतो: झोपेची नोंद फार खासगी असते. कोण रात्री कितीदा उठला, अंथरुणात एक होता की दोघे, कोण पाळीआधी नीट झोपला नाही, हे सगळे त्या आकड्यांत असते. खोली मालकाची, अंथरूण मालकाचे, म्हणून नोंदही मालकाची, असे होऊ देता कामा नये. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीची अट घातली आहे. ती संमती कामगाराला कळणाऱ्या भाषेत आणि नाही म्हणण्याच्या मोकळिकीसह घेतली पाहिजे. चांगली रचना तर अशी की, नकाशा चादरीच्या पेटीतच वाचला जावा आणि बाहेर फक्त एकच निरोप यावा: कूस बदला.

भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी, जिथे या शहरातले श्रमिक रुग्ण येतात, अशा चादरीची चाचणी व्हायला हवी. चाचणीत तीन गोष्टी मोजाव्यात: अनोळखी रुग्णावर यंत्र किती वेळा चुकले, गजर झाल्यावर खरोखर किती वेळा कूस बदलली, आणि व्रण किती कमी झाले. तिसरा आकडा खाली आला नाही, तर पहिले दोन कितीही चांगले असोत, पैसा माणसांवर खर्च करावा, एक मावशी जास्त नेमावी. तोपर्यंत घरी रुग्ण असलेल्यांनी भिंतीवर एक वही टांगावी आणि प्रत्येक वेळी कूस आणि वेळ लिहावी. रोज आंघोळीच्या वेळी माकडहाड, खुबे आणि टाचा उजेडात पाहाव्यात. लाल डाग दाबून पांढरा झाला नाही, तर त्या जागेवर पुन्हा भार देऊ नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.